पगारावर पाटी लागत नाही

९ जानेवारी २०१४, गुरुवार

आणि वरून मलेच विचारते, "आई, चहात साखर कमी झाली का?" साखरेचं कोण बोलून राहिलं? मी शाळेतून सत्काराचे शाल-नारळ घेऊन आली तेव्हापासून ही सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलते, हे मले दिसत नाही काय. मी असं केलं तरी काय? ह्यांच्या रेल्वेच्या पैशातून तिच्याच शाळेले दान दिलं. तिच्याच वर्गात तो मोठा पडदा लागला, बोट लावलं की चित्र सरकते तो, आणि खाली पितळेची पाटी: कै. यशवंतराव धोटे यांच्या स्मरणार्थ. दुसरी कोणी सून असती तर साऱ्या पाऱ्यात, गल्लीगल्लीत, सांगत फिरली असती. आमची कौमुदी स्टेजच्या बाजूले मास्तरणींच्या लायनीत उभी होती. लोकायनं टाळ्या वाजवल्या, तिनं पण वाजवल्या. पण कशा, तर हाताले लागलेलं पीठ झटकते तशा.

नरहरी भाऊ बोंडे, आमच्या समाजाच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष, माईकवर म्हणाले, रायपूरच्या या साऱ्या बीरगांवात असा पडदा फक्त आपल्या शाळेत. तेव्हा मी पण जोशात येऊन मार्चमध्ये अजून एक देईन म्हणून बोलून बसली. घरी येताना ऑटोत ती खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, धूळ आहे.

ही डायरी तिचीच. या वर्षी शाळेनं सगळ्या मास्तरलोकायले एकेक दिली. कौमुदी म्हणाली, "यावर्षी पगारवाढ नाही, डायरी आहे." मी म्हटलं, बरं आहे, काहीतरी तर दिलं. ती डायरी रद्दीवर टाकून अंघोळीले गेली. कोरा कागद रद्दीत गेलेला मले पाहवत नाही. चौथीपर्यंत शिकली मी, आर्वीजवळच्या गावात, जोडाक्षरात गडबडते. पण वाचणार कोण आहे? हे होते तोपर्यंत मनातलं ह्यांच्यासमोर बोलून टाकत होती. ऐकत नव्हते, पण बोलून टाकत होती.

१४ जानेवारी, मंगळवार

हळदीकुंकू झालं. बायकायनं पडद्याचंच काढलं. अंजनाबाई, ज्यांचं भनपुरीत ट्रकच्या टायरचं दुकान आहे, म्हणाल्या, आम्ही पण चौथीच्या वर्गात लावून राहिलो, सासूबाईंच्या नावानं, तुमच्याहून मोठा. मी म्हटलं, लावा, खिडकी झाकून जाईल तर हवा बंद होईल तेवढीच.

मंग त्या कौमुदीले म्हणतात, "आता तर तुमचं काम कमी झालं असेल न? सगळं पडदाच शिकवते म्हणतात."

कौमुदी वाण देत होती. म्हणे, "हो काकू. मी फक्त पुसते."

साऱ्या हसल्या. मले हसू आलं नाही. चार बायकांत सासूच्या दानाले असं बोलतात काय? तिच्या नवऱ्याले, निरंजनले सांगतलं. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "मम्मी, छोड़ो ना. थक जाती है वो." माझं पोट्टं, मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीतच येते. आणि मी थकत नाही काय?

२४ जानेवारी, शुक्रवार

आज शाळेत गेली. पाटी कशी दिसते ते नीट पाहायचं होतं, त्या दिवशी गर्दीत दिसली नव्हती. कौमुदीले सांगतलं नाही.

आमची शाळा तशी समाजाच्या पैशानंच उभी आहे, हे पायरीपासून दिसते. पायरीवर दान देणाऱ्याचं नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकाच माणसाचं नाव. पंखा बंद असला की वाचता येते. पोट्टे नावावर पाय देऊन वर जातात, कोणाले काही वाटत नाही.

तिसरीच्या वर्गाबाहेर चपला काढल्या आणि दारातच उभी राहिली. पडदा फळ्याच्या बरोबर मधोमध ठोकला आहे. बाकीची भिंत भुसभुशीत, बोल्ट धरत नव्हती म्हणतात. त्याच्यावर गुलाबी कपडा टाकलेला, वर हळदकुंकवाचा टिळा तसाच. फळा उरला तो दोन्हीकडे वीत वीत. कौमुदी भागाकार शिकवून राहिली होती. मांडणी डाव्या पट्टीवर, मंग पडद्यासमोरून चालत पलीकडे, उत्तर उजव्या पट्टीवर. पोट्टे मान इकडून तिकडे फिरवून राहिले. मंग तिनं खडूच ठेवून दिला आणि टोपलीतून बोरं काढली. पोट्ट्यायचे गट केले, बोरं वाटली, वाटून जी उरली ती म्हणजे बाकी. त्या बाकीवरून मागच्या बाकावर मारामारी झाली. तिचा आवाज बसला होता, तरी पोट्टे तिचं ऐकत होते.

एक पोट्टी उभी राहिली. "दीदी, यशवंतराव आज भी बंद हैं?"

कौमुदी म्हणाली, "हव, बंद हैं. तुम इधर देखो."

दुसरा म्हणाला, "दीदी, यशवंतराव चालू रहते हैं तब भी आवाज नहीं आती."

मंग समजलं, पडद्याले नाव पडलं आहे. पाटी खाली आहे नं, पोट्टे वाचतात. चपराशी सांगत होता, पलीकडच्या उरला भागातल्या कारखान्यायमुळे विजेची लाइन वर-खाली होते, पहिल्याच आठवड्यात आतलं काही जळलं. कंपनीचा माणूस येऊन राहिला आहे, येऊन राहिला आहे, येतच नाही.

एक माणूस रायपुरात तीस वर्षे रेल्वेत सिग्नल सांभाळत होता, एक दिवस बंद पडला नाही. मेल्यावर पडला.

संध्याकाळी कौमुदीले विचारलं, "फळा झाकला गेला हे तू सांगतलं काहून नाही?"

ती कणिक मळून राहिली होती. "कोणाले सांगू आई? खाली बाबांचं नाव आहे. काढा म्हणू?"

पोळ्या मी केल्या.

२९ जानेवारी

घसा बसला तिचा पूर्ण. हळदीचं दूध दिलं. प्यायली.

५ फेब्रुवारी, बुधवार

शालिग्राम सर शाळा सोडून गेले. तेच, जे मोठ्या वर्गायले गणित शिकवत होते आणि गणपतीत आरतीले सगळ्यात वरच्या सुरात ओरडत होते. मले ते भनपुरीच्या नाक्यावर भेटले, भावाच्या सिमेंटच्या दुकानात, पोत्यावर बसून बिल फाडून राहिले होते. मी म्हटलं, "सर, हे काय?"

म्हणाले, "काकू, इथं पगार बरा आहे. आणि गिऱ्हाईक नापास झालं तर त्याचे वडील भांडायला येत नाहीत."

मी म्हटलं, मस्करी ठेवा, चांगली शाळा सोडली काहून? तेव्हा मात्र त्यायनं बिलबुक खाली ठेवलं. "तुम्हाले खरंच माहीत नाही?"

काय माहीत नाही?

तर असं. पडदा काही माझ्या एकटीच्या पैशात आला नाही. माझ्यात अर्धाच येत होता. बाकीचं अर्धं आणि दर वर्षीची कंपनीची फी शाळेनं भरायची होती. समितीनं यावर्षी मास्तरायच्या पगारवाढीसाठी जे बाजूले ठेवलं होतं, ते तिकडे वळवलं. मीटिंगमध्ये कोणी तरी बोललं म्हणे, तर नरहरी भाऊ म्हणाले, वहिनी पडद्यासाठीच देऊन राहिल्या, दान परत कसं करता?

"कौमुदी मॅडम त्या मीटिंगमध्ये होत्या," सर म्हणाले. "आम्हा साऱ्यांकडून त्यायनाच बोलायचं ठरलं होतं वाढीचं. मंग तुमचं नाव निघालं तर त्या खाली बसल्या."

मी म्हटलं, मले कोणी विचारलं? मी 'पोरांच्या शिक्षणासाठी' म्हणून दिले होते. पडदा नरहरी भाऊयनं सांगतला. मी तर सतरंज्या देऊन राहिली होती.

सर म्हणाले, "हव काकू." ज्याचं खरं वाटलं नाही त्याले माणूस असंच हव म्हणते.

घरी येऊन वांगे चिरले. कौमुदी आली, पाय धुतले, शालिग्राम सरायचा वर्ग पण आता तिच्याकडे आहे म्हणाली. दोन वर्ग एका खोलीत. मी म्हटलं, ऐकलं. एवढंच बोलणं झालं. तिनं मले सांगतलं काहून नाही? सांगायले तोंड नव्हतं काय? मी काय वाघ आहे?

१२ फेब्रुवारी, बुधवार

नरहरी भाऊयच्या घरी गेली, पुरानी बस्तीत. दुपारी पेपर वाचून राहिले होते.

"वहिनी, बसा. पाणी आणू?"

"पाणी पिऊन आली. मास्तरायची वाढ पडद्यात घातली हे खरं आहे काय?"

त्यायनं चष्मा काढला. माणूस वाईट नाही, हे मी आधीच लिहून ठेवते. ह्यायच्या आजारपणात रोज दवाखान्यात येत होते. म्हणाले, "एक सांगू, रागावू नका. ॲडमिशनले मायबाप येतात तर पहिलं काय विचारतात? 'स्मार्ट क्लास है क्या?' मास्तर कोण आहे, किती वर्षांपासून आहे, आजपर्यंत एकानं विचारलं नाही. पलीकडे इंग्लिश शाळा उघडली, रंगरंगोटीची. आपले पोट्टे तिकडे चालले. रायपूर राजधानी झाल्यापासून साऱ्यायले सगळं चमकदार पाहिजे. पोट्टे गेले तर पगार कुठून देऊ? तुमच्या सुनेचाच सांगतो."

हे खरं होतं, म्हणून मले जास्त राग आला.

"आणि मास्तर गेले तर?"

"मास्तरीण गेली तर दुसरी भेटते वहिनी. बी.एड. झालेल्या पोट्ट्या रांगेत आहेत. पोट्टा गेला तर फी परत येत नाही."

"मंग माझा दुसरा पडदा राहू द्या. मार्चचे पैसे मास्तरायच्या पगारात घाला."

ते हसले. चिडवून नाही, लहान पोराले हसतात तसं. "पगाराले दान कोणी देत नाही. पगारावर पाटी कुठं लावता? पंखा दिसते, टाकी दिसते. पगार पहिल्या तारखेले येते, दहाव्या तारखेले दिसत नाही. उद्या यशवंतरावांचं नाव कुठं शोधसाल?"

मी म्हटलं, "लावा नं कुठंही. तिच्या खुर्चीवर लावा. पण पैसे पगारात द्या."

त्यायनं चष्मा पुन्हा लावला. "खुर्चीवर," म्हणाले. "पाहतो. काहीतरी करतो."

झालं एकदाचं. परतताना बूढ़ेश्वर चौकात केळी घेतली. कौमुदीले काही सांगतलं नाही. आयतं कळेल तेव्हा तोंड कसं होते पाहू.

१७ फेब्रुवारी

कंपनीचा पोट्टा आला म्हणे शेवटी, पियुष नावाचा. पडदा सुरू करून गेला. कौमुदी म्हणाली, दुपारभर दोघं वऱ्हांड्यात बसून होते, तो सगळं समजावून राहिला होता. चला, काहीतरी शिकली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू.

दुपारी मी झोपली होती तर ती आली, वेळेच्या आधी. पर्स खुंटीले नाही लावली, हातातच. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई, मी पंखा आहे का?"

मी म्हटलं, काय बोलून राहिली?

आज शाळेत कार्यक्रम होता. नरहरी भाऊयनं साऱ्या पोट्ट्यायपुढे एक खुर्ची आणवली, नवी, लाल रेक्झिनची. पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: यशवंतराव धोटे स्मृती अध्यापन आसन. जाहीर केलं की जी शिक्षिका या खुर्चीवर बसेल तिले दर महिन्याले वरून मानधन, धोटे परिवाराकडून. आणि पहिला मान कौमुदी मॅडमचा. तिले हात धरून बसवलं. टाळ्या झाल्या. फोटो काढला.

"मी सात वर्षं शिकवलं त्याचे पैसे मले शाळेनं द्यायचे होते," ती म्हणाली. "तुम्ही काहून देता? घरातल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि मधे माझ्या पाठीवर बाबांचं नाव? बाकीच्या मॅडमनी आज डबा वेगळा खाल्ला. त्यातली इरावती मॅडम म्हणते, सासू असावी तर अशी, आम्हाले पण एक शोधून दे."

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठीच तर."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सारे माझ्यासाठीच करतात."

निरंजन रात्री जेवताना म्हणाला, "दोनों चुप रहो तो खाना खा लूँ?" मले वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. तिनं निरंजनले दोनदा वरण वाढलं आणि ओटा पुसून झोपायले गेली.

माझं चुकलं कुठं ते मले अजून नीट नाही समजलं. दिले तरी वाईट, नाही दिले तरी वाईट.

६ मार्च, गुरुवार

तो पियुष घरी आला होता, कौमुदीले कोणता कागद द्यायले. बरा पोट्टा आहे, भिलाईचा. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागितले. म्हणाला, "आंटी, दीदी क्या समझाती हैं. हमारी मशीन हमको दीदी ने समझाई." मी म्हटलं, शिकवणारीच आहे ती. तो म्हणाला, "हमारे यहाँ ऐसे लोग चाहिए." सगळ्यायलेच पाहिजे, पगार कोण देते?

कौमुदी त्या खुर्चीवर बसत नाही. उभ्यानं शिकवते. चपराशी सांगत होता, पोट्टे म्हणतात, दीदी यशवंतराव पर नहीं बैठतीं.

१३ मार्च

कौमुदीनं शाळेतून दोन पिशव्या भरून घरी आणल्या. चित्रं, रंगीत कागद, पोट्ट्यायनं दिलेली ग्रीटिंगं, तिची खडूची डबी, कुंडीतलं मनीप्लांटसुद्धा. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, होळीच्या आधी कपाट साफ केलं. बरं केलं. मनीप्लांट मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं.

दोन पंजाबी ड्रेस शिवून आणले तिनं, साधे, गडद रंगाचे. शाळेत साडी लागते. विचारलं तर म्हणे, उन्हाळा येऊन राहिला. पाय पण दुखतात, चांगल्या चपला घेतल्या. घ्यायलेच पाहिजे होत्या, किती दिवसांपासून सांगून राहिली होती मी.

१९ मार्च, बुधवार

होळीचा रंग अजून निरंजनच्या कानामागे आहे. आज मी त्याले रंग काढायले तेल देत होती तर तो बोलून गेला. त्या पडदा कंपनीनं कौमुदीले बोलावलं आहे. शाळाशाळायमध्ये जायचं, मास्तरायले पडदा चालवायले शिकवायचं. रायपूर, दुर्ग, बिलासपूर, सगळीकडे. "डबल मिल रहा है मम्मी. और सोमवार, इकतीस तारीख तक बताना है."

"पाडव्याले?"

"हाँ, पाडवा है उस दिन."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. म्हणजे ज्या पडद्यानं तिची वाढ खाल्ली, तोच पडदा आता तिले डबल देऊन राहिला. आणि तिसरीचे पोट्टे कोणाकडे?

रात्री तिच्याजवळ जाऊन बसली. ती पेपर तपासून राहिली होती. मी म्हटलं, "तू जाणार आहे काय?"

"अजून सांगितलं नाही मी त्यांना."

"तुले काय वाटते ते विचारून राहिली."

तिनं लाल पेनचं टोपण लावलं, काढलं. "आई, मले पोट्टेच आवडतात. मोठ्या माणसांना बटन कुठं आहे हे सांगायले मी बी.एड. नाही केलं. पण दर वर्षी एप्रिल आला की मीच वेड्यासारखी वाढीची वाट पाहते. आता थकली."

"वाढ झाली तर राहशील?"

"कोणाची? माझी?"

"साऱ्यायची. खुर्ची नाही, पाटी नाही. सरळ शाळेच्या पैशातून, साऱ्या मास्तरलोकायची."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, मले बरं वाटलं. म्हणाली, "आधी होऊ तर द्या."

म्हणजे राहील. वाढ झाली की राहील. पोट्टीले सांगता येत नाही एवढंच, पण मले समजते.

२२ मार्च, शनिवार

अंजनाबाईंकडे गेली. म्हटलं, चौथीचा पडदा थांबवा, त्याचे पैसे शाळेले मास्तरायच्या पगारासाठी द्या. मी पण तेच करून राहिली. दोघींचे मिळून बोललो तर नरहरी भाऊ ऐकतील.

त्या म्हणाल्या, "पगाराले? मंग सासूबाईंचं नाव कुठं येईल?"

मी म्हटलं, "जिवंतपणी त्यायचं नाव तुमच्या तोंडात कधी चांगलं आलं नाही. आता भिंतीवर काहून पाहिजे?"

हे बोलायले नको होतं. त्या उभ्या राहिल्या. "इंदूबाई, तुमच्या घरातली मास्तरीण आहे म्हणून तुम्हाले पगार दिसते. आमच्या घरात नाही." मी पण उठली. दारात म्हणाल्या, "आता मी पडदा पण देत नाही आणि पगार पण देत नाही. समाजातल्या भांडणात माझं नाव नको."

घरी येताना वाटलं, पार बिघडवून ठेवलं. मंग नाक्यावर ऑटोची वाट पाहताना ध्यानात आलं, चौथीचा पडदा तर गेला नं. म्हणजे मास्तरायचे पैसे खाणारा एक तरी कमी झाला. अशीही मदत होते माणसाची.

२५ मार्च, मंगळवार

समितीच्या मीटिंगले बाहेर बसून राहिली. पंखा होता, लाइट नव्हती. शेवटी आत घेतलं. मी बोलली ते बोलली. सेक्रेटरी टिपून घेऊन राहिले होते, एका कागदाच्या मागच्या बाजूले. नरहरी भाऊ दमल्यासारखे दिसत होते. इंग्लिश शाळेत अजून पोट्टे गेले म्हणे. म्हणाले, "वहिनी, तुमची भावना पोचली. पुढच्या मीटिंगले विचार करू."

"पुढची कधी?"

"पाडव्यानंतर पाहू. एप्रिलमध्ये. मे संपायच्या आत नक्की."

मी म्हटलं, मेमध्ये तर पोट्ट्यायले सुटी लागते. ते म्हणाले, तेच तर, निवांत बोलता येईल. त्यायनं दारापर्यंत सोडलं, पायरीवर हात धरला. पायरीवर कोणाचं नाव होतं ते पाहिलं नाही.

मीटिंगमध्ये बोललेलं हवेत जाते. निरंजन म्हणाला, लिखके दो. बरोबर आहे त्याचं. पण लिहून तोच देईल म्हटलं तर म्हणे, "मेरी मराठी तो आपको पता है." मंग मलेच लिहावं लागेल.

२७ मार्च, गुरुवार

दोन वेळा फाडलं. आता हे बरं आहे. उद्या कौमुदी शाळेत गेली की निरंजनच्या हातून पाठवते. तिले सांगत नाही. मागच्या वेळी न सांगता केलं ते चुकलं, हे मले माहीत आहे. पण आता सांगतलं तर ती नको म्हणेल, आणि मले तिचं नको म्हणणं ऐकायचं नाही. आज ती घरातल्या पंख्याखाली बसून पोट्ट्यायच्या प्रगतीपुस्तकावर शेरे लिहून राहिली होती, प्रत्येकाले वेगळा शेरा, नावानिशी. मी म्हटलं, साऱ्यायले सारखं लिहिलं तर लवकर होईल. म्हणाली, यावेळी नाही.

लिहिलं ते असं:

नरहरी भाऊ, नमस्कार.

मी कमी शिकलेली बाई आहे, चुकलं तर समजून घ्या. पडद्याचं मी काही म्हणत नाही. लागला तो लागला, पोट्ट्यायले चित्रं दिसतात. फळ्याच्या मधातून काढून बाजूच्या भिंतीवर लावला, भिंत आधी पक्की करून, तर बरं होईल. त्याचा खर्च माझ्यावर टाका.

दुसरा पडदा मी देत नाही. खुर्ची मी देत नाही, ती ऑफिसात ठेवा. मार्चचे पैसे मी शाळेले देते, पण ते मास्तरलोकायच्या पगारातच जातील, साऱ्यायच्या, आणि समितीनं यावर्षी बाजूले ठेवलेली वाढ एप्रिलपासून सुरू होईल, हे कागदावर पाहिजे. माझं नाव नको, ह्यांचं नाव नको. तुम्ही म्हणता पगारावर पाटी लागत नाही. नका लावू.

तुम्ही म्हणाले, मास्तरीण गेली तर दुसरी भेटते. भेटेल. पण तुमची नात पण पुढच्या वर्षी तिसरीत येणार, तिले जी भेटेल तिचा आवाज किती वर्षं टिकेल ते मले सांगा.

एप्रिल नको, मे नको. पाडवा सोमवारी आहे, त्या दिवशी आमच्या घरात एका माणसाले दुसऱ्या ठिकाणी उत्तर द्यायचं आहे, आणि ते उत्तर परत फिरवता येणार नाही. म्हणून तुमचं उत्तर मले त्याच्या आधी पाहिजे. रविवारी सकाळी मी अंघोळ करून दारातच बसते. हव असेल तर हव लिहून पाठवा. नाही असेल तर नाही लिहा, पण लिहा. रविवारी, दुपारच्या आत.

इंदू यशवंतराव धोटे